‘ऑलदो’ आलं की ‘बट’ का चालत नाही? आणि ‘अनटिल’च्या पुढे ‘नॉट’ का नाही?

भांडारातला माणूस, चाकण

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआय, मग बाहेरून बी.कॉम. गेली अकरा वर्षं चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतोय. माल आला, माल गेला, अडकला, परत आला, हे सगळं दिवसभर मेलवर आणि इंग्रजीत. माझं इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी काम भागत होतं. गेल्या आठवड्यापर्यंत.

आमच्या अठरा पेट्या हॅम्बुर्गच्या गोदामात पोचल्या होत्या आणि टेस्ट रिपोर्ट इकडेच राहिला होता. मी तिकडच्या माणसाला लिहिलं: ‘प्लीज होल्ड द बॉक्सेस अनटिल वी डू नॉट सेंड द रिपोर्ट.’ माझ्या डोक्यात वाक्य एकदम स्वच्छ होतं. आम्ही जोपर्यंत रिपोर्ट पाठवत नाही, तोपर्यंत पेट्या धरून ठेवा. तिकडून उलट प्रश्न आला की तुम्ही रिपोर्ट पाठवणार आहात की पाठवणार नाही आहात? त्यावर मी पुन्हा तेच वाक्य, या वेळी ‘अनटिल’ मोठ्या अक्षरांत. खुलासा होईपर्यंत दोन दिवसांचं भाडं चढलं.

साहेबांनी मेलची प्रिंट काढून ‘नॉट’भोवती लाल गोल केला. तेवढ्यावर थांबतील तर साहेब कसले. माझे जुने मेलही काढले. ‘ऑलदो द मटेरियल इज रेडी, बट द ट्रक हॅज नॉट कम’ यातल्या ‘बट’वर काट. ‘बिकॉज द गेट वॉज क्लोज्ड, सो द ड्रायव्हर वेन्ट बॅक’ यातल्या ‘सो’वर काट. कारण विचारलं तर म्हणाले, रूल आहे.

रूल असेल, मी कुठे नाही म्हणतो. पण आपल्याकडे जरीला तरी लागतो, जरला तर लागतो. मग इंग्रजीत एकावर कसं भागतं? यूट्यूबवर सगळे ‘फॅनबॉइज’ पाठ करायला लावतात आणि चाळीस शब्दांची यादी देतात. यादी नको आहे. कोणी कारण सांगेल का?

पाटीवाला, पुणे

एका वाक्यात एकच कन्जंक्शन. पाठ करा आणि कामाला लागा. प्रत्येक गोष्टीला कारण नसतं.

निवृत्त बाई, सातारा

वरचं उत्तर चूक आहे. पहिली दहा वर्षं मीही वर्गात हेच उत्तर देत होते, त्यामुळे पाटीवाल्यांवर राग नाही. एका वाक्यात एकच असतं तर ‘आयदर–ऑर’ आणि ‘बोथ–अँड’ या जोड्या आल्या कुठून? ‘व्हेन द बेल रँग, वी रॅन आउट बिकॉज वी वेअर हंग्री अँड टायर्ड’ यात तीन आहेत आणि वाक्य धडधाकट आहे.

आता भांडारवाले, तुमच्याच भाषेकडे चला. खरं उत्तर तिथे आहे.

हे वाक्य मोठ्यानं म्हणा: ‘जर पाऊस आला तर मी येणार नाही.’ आता जर काढा. ‘पाऊस आला तर मी येणार नाही.’ काही बिघडलं? उलट घरात आपण असंच बोलतो. आता जर ठेवा आणि तर काढा. ‘जर पाऊस आला, मी येणार नाही.’ हे कोण बोलतं? साबणाच्या जाहिरातीतली बाई बोलेल. आपल्या आळीत कोणी बोलत नाही.

जरीचं तेच. ‘पाऊस आला तरी येईन’ चालतं, ‘जरी पाऊस आला, येईन’ लंगडतं. जेव्हाचं तेच. ‘तो आला तेव्हा मी झोपले होते’ सहज येतं, ‘जेव्हा तो आला, मी झोपले होते’ म्हणताना जीभ तेव्हा शोधत राहते.

म्हणजे आपल्याला जोडी लागते हा समजच अर्धा खरा. जोडी आहे, पण तिच्यातला मागचा शब्द कामाचा आणि पुढचा शोभेचा. इंग्रजीत बरोबर उलटं. ‘इफ’ हवाच, ‘देन’ असला काय नसला काय. ‘ऑलदो’ हवा, ‘व्हेन’ हवा, त्यांचे जोडीदार नकोत. मराठी शेपूट धरते, इंग्रजी शेंडी धरते. तुम्ही शेंडी त्यांच्या पद्धतीनं धरली आणि शेपूट आपल्या सवयीनं सोडलं नाही. एवढीच चूक. चूक म्हणण्यापेक्षा खोड म्हणते मी.

मग कोणी विचारेल, ‘देन’ निदान चालतो तरी, ‘बट’ अजिबात का नाही? कारण ‘देन’ हे नुसतं क्रियाविशेषण आहे, ते कुठेही निमूट बसतं. ‘बट’ तसा नाही. ‘बट’ दोन स्वतंत्र वाक्यं समोरासमोर उभी करून जोडतो: माल तयार आहे, पण ट्रक आलेला नाही. दोन्ही आपापल्या पायावर. ‘ऑलदो’ ज्या वाक्याला लागतो त्याचे पायच काढून घेतो. ‘ऑलदो द मटेरियल इज रेडी’ एवढंच म्हणून थांबा बघू. ऐकणारा तोंडाकडे बघत राहील. ते वाक्य आता दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. त्यात तुम्ही ‘बट’ आणला की तो म्हणतो, मला दोन उभी वाक्यं द्या, आणि तुमच्याकडे एकच उभं आहे. आपल्या व्याकरणात यालाच प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय म्हणतात. आठवीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि नववीत सगळे विसरतात.

जुन्या पुस्तकांत ‘दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट’ अशी जोडी सापडेल. ती चूक नाही, जुनी आहे. तुमच्या साहेबांना ती दाखवायला जाऊ नका, उगाच नवा लाल गोल मिळेल.

आता ‘बिकॉज–सो’. याचं मूळ एकट्या ‘म्हणून’मध्ये आहे. मला ते कळायला फार वर्षं लागली.

‘गेट बंद होतं म्हणून ड्रायव्हर परत गेला.’ यात म्हणून कोणाचा? पहिल्या वाक्याचा की दुसऱ्याचा? श्वास कुठे घेता ते बघा. ‘गेट बंद होतं म्हणून’ आणि मग श्वास. अजून खात्री हवी असेल तर प्रश्न विचारा: ड्रायव्हर परत का गेला? उत्तर येतं, ‘गेट बंद होतं म्हणून.’ म्हणून कारणाला चिकटून आला. याचा अर्थ हा आपला ‘बिकॉज’च आहे, फक्त वाक्याच्या शेवटी बसणारा. पण ‘म्हणून मी सांगते, दार लावून घ्या’ असं वाक्य सुरू केलं की तोच शब्द ‘सो’ होतो. एका माणसाकडे दोन खुर्च्या. इंग्रजीत त्या दोन खुर्च्यांवर दोन माणसं आहेत, आणि आपण धांदलीत दोघांनाही बोलावतो. कारणाला नाव दिलंत तर ‘बिकॉज’, परिणामाला दिलंत तर ‘सो’. दोघांचं काम एकच, त्यामुळे एकाला घरी बसवा.

‘अनटिल’ची गोष्ट मला विशेष जवळची, कारण नववीच्या वह्यांत अर्ध्याहून जास्त पोरं हीच चूक करायची, आणि हुशार पोरं जास्त. त्यांनी जोपर्यंत–तोपर्यंतचं प्रामाणिक भाषांतर केलेलं असायचं. आपण ‘पाठवत नाही तोपर्यंत’ असं म्हणतो तेव्हा मधल्या काळाचं वर्णन करतो. त्या सगळ्या काळात पाठवलेलं नसतं, म्हणून नाही. इंग्रजी ‘अनटिल’ मधल्या काळाकडे बघतच नाही, काळ जिथे संपतो त्या खुंटीकडे बोट दाखवतो. ती खुंटी म्हणजे रिपोर्ट पाठवणं. तिथे नाही कशाला?

यावर औषध मराठीतच आहे. जोपर्यंत–तोपर्यंत हे वाक्य मनात आणूच नका. ‘पाठवेपर्यंत’ म्हणा. ‘रिपोर्ट पाठवेपर्यंत धरून ठेवा.’ नाही गेलं की नाही? याचं सरळ इंग्रजी करा: ‘अनटिल वी सेंड द रिपोर्ट.’ येईपर्यंत, होईपर्यंत, मिळेपर्यंत. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय, ‘खुलासा होईपर्यंत दोन दिवसांचं भाडं चढलं.’ तुम्हाला येतंय सगळं.

‘अनलेस’लाही हीच मात्रा. जर–नाही–तर सोडा आणि ‘केल्याशिवाय’ धरा. नाही त्या शिवायच्या पोटात आहे, तसाच ‘अनलेस’च्या पोटात आहे. बोर्डाच्या पेपरात ‘इफ–नॉट’चं ‘अनलेस’ करायला सांगतात. पोरं ‘इफ’ काढून ‘अनलेस’ बसवतात आणि ‘नॉट’ तिथेच राहतो: ‘अनलेस यू डू नॉट स्टडी, यू विल नॉट पास.’ याचा नीट अर्थ लावा. अभ्यास केलात तर नापास व्हाल! वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून टाळ्या पडायच्या.

एक जाताजाता. या शब्दांनंतर ‘विल’ही घालू नका, ‘अनटिल वी विल सेंड’ होत नाही. भविष्याचं बोलत असलात तरी क्रियापद साधं वर्तमान. आपण याहून अजब करतो, उद्याच्या पावसाला भूतकाळ लावतो: पाऊस *आला* तर. आपलं आपल्याला खटकत नाही इतकंच.

सीमाभागातला, बेळगाव

बाईंनी म्हणूनचं सांगितलं ते वाचून हसू आलं. आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड. ‘मळे बंतु अंत बरलिल्ल’, पाऊस आला म्हणून आलो नाही. त्यांचा ‘अंत’ अगदी आपल्या म्हणूनच्या जागी बसतो, कारणाच्या शेवटी. आणि दोन्हींचं मूळही म्हणणंच: आपलं ‘म्हणणे’, त्यांचं ‘अन्नु’. ‘राम म्हणून एक मुलगा’ हेही ते ‘राम अंत’ असंच करतात. त्यामुळे ही खोड एकट्या मराठी माणसाची नाही. आमच्या शाळेत कन्नड पोरं आणि आम्ही ‘बिकॉज–सो’साठी एकाच रांगेत अंगठे धरून उभे असायचो.

पाटीवाला, पुणे

मान्य, माझं उत्तर मागे घेतो. पण ‘बिकॉज’नं आणि ‘अँड’नं वाक्य सुरू करायचं नाही हा तरी नियम खरा ना? का तोही गेला?

निवृत्त बाई, सातारा

गेला. ‘बिकॉज द गेट वॉज क्लोज्ड, द ड्रायव्हर वेन्ट बॅक’ उत्तम वाक्य आहे, मध्ये स्वल्पविराम द्या म्हणजे झालं. शाळेत बंदी घालतात ती वेगळ्या भीतीनं. पोरं ‘बिकॉज द गेट वॉज क्लोज्ड’ एवढं लिहून पूर्णविराम देतात आणि अर्धं वाक्य लोंबकळत ठेवतात. ते सुधारण्यापेक्षा शब्दच बंद करणं सोपं. ‘अँड’ आणि ‘बट’ नं तर इंग्रजीतले चांगले चांगले लेखक सर्रास वाक्य सुरू करतात.

‘फॅनबॉइज’चंही सांगून टाकते, प्रश्नात होतं. ‘फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो’ यांची पहिली अक्षरं. त्यात ‘फॉर’ पहिला, आणि कारण या अर्थानं ‘फॉर’ आज कचेरीच्या मेलमध्ये लिहिलात तर लोकांना वाटेल पाद्री बोलतोय. ज्या यादीत सर्वांत निवृत्त शब्द सर्वांत पुढे उभा आहे, ती यादी मी मुलांना दिली नाही. निवृत्तांबद्दल मला आकस नाही, मीही त्यातलीच.

कोर्टातला कारकून, नागपूर

विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातलं थोडं. ‘अँड’ सगळ्यात सोपा असं लोकांना वाटतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक अख्खा खटला या एका शब्दावर निकाली निघाला, पल्सिफर नावाच्या आरोपीचा. २०१८ च्या कायद्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात किमान शिक्षेतून सवलत मिळण्याची अट होती: आरोपीच्या नावावर जुन्या गुन्ह्यांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ प्रकार नसावेत. पल्सिफरच्या नावावर ‘अ’ आणि ‘ब’ होते, ‘क’ नव्हता. त्याचं म्हणणं, तिन्ही एकत्र असतील तरच मी अपात्र, कारण तुम्ही ‘अँड’ लिहिलंय. सरकारचं म्हणणं, एकही असला तरी अपात्र. निकाल सहा विरुद्ध तीन, सरकारच्या बाजूनं. तीन न्यायमूर्तींना पल्सिफरचं वाचन बरोबर वाटलं, हे लक्षात घ्या.

मराठीतही हा खड्डा आहेच. ‘उमेदवारावर थकबाकी, चौकशी आणि फौजदारी गुन्हा नसावा.’ नुसती थकबाकी असलेला बसतो का? आपण म्हणू, अर्थात नाही. पण वकील दिलात तर तो बसवून दाखवेल. मी मसुदा टंकताना अशा ठिकाणी ‘यांपैकी काहीही नसावे’ असं घालायला सुचवतो. साहेब लोक बहुतेक वेळा काढून टाकतात.

आणि भांडारवाले, तुमच्या जवळचं. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कायद्यातल्या यादीत शेवटच्या ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे माल वाटण्याचं काम ओव्हरटाइममधून वगळलंय की नाही हेच ठरेना. २०१७ ला अपील कोर्टानं चालकांच्या बाजूनं कौल दिला, पुढे पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमचं दोन दिवसांचं भाडं त्या मानानं काहीच नाही.

भांडारातला माणूस, चाकण

बाई, आणि सगळ्यांनाच, खूप आभार. शेंडी–शेपूट वाचल्यावर जेवणाच्या सुट्टीत पाच जणांवर प्रयोग केला, ‘जर पाऊस आला, मी येणार नाही’ म्हणून बघा म्हणालो. पाचही जणांनी आपोआप तर घातला. एकजण तर म्हणाला, तुला बरं नाही का.

आता माझी वाक्यं तपासा.

१. ‘प्लीज होल्ड द बॉक्सेस अनटिल वी सेंड द रिपोर्ट.’

२. ‘द मटेरियल इज रेडी, हाउएव्हर द ट्रक हॅज नॉट कम.’ (‘बट’ फार साधा वाटला म्हणून जरा भारी शब्द टाकला.)

३. ‘नो सूनर द ट्रक केम व्हेन वी लोडेड इट.’ (बारावीत असताना कायम पेपरात यायचं, आजवर कधी वापरलं नव्हतं.)

निवृत्त बाई, सातारा

पहिलं शंभर टक्के.

दुसऱ्यात भारी शब्दानं घात केला. ‘हाउएव्हर’ दिसतो ‘बट’सारखा, पण तो जोडणारा नाही. आपला ‘मात्र’ आहे तो. ‘माल तयार आहे, मात्र ट्रक आला नाही’ हे आपण स्वल्पविरामावर भागवतो, इंग्रजी भागवू देत नाही. ‘रेडी’नंतर पूर्णविराम, मग ‘हाउएव्हर’, मग स्वल्पविराम. ‘देअरफोर’चं तेच. किंवा सरळ ‘बट’ लिहा. साध्या शब्दाला कमी लेखू नका, साहेब त्यावर काट मारणार नाहीत.

तिसऱ्यात दोन गोष्टी. ‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’, तुलना आहे, आणि तुलनेला ‘दॅन’ लागतो, जसं ‘टॉलर दॅन’. ‘व्हेन’ हवा असेल तर ‘हार्डली’ घ्या. शिवाय नकार वाक्याच्या तोंडाशी आला की क्रियापद उलटतं: ‘नो सूनर डिड द ट्रक कम दॅन वी लोडेड इट.’ वर्गात मी याला ‘घंटा वाजली रे वाजली की पोरं पळाली’ असं शिकवायची, तो ‘रे’ आला की सगळं कळायचं. पण हे परीक्षेपुरतं असू द्या. गोदामाच्या माणसाला ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ पुरतो.

आणि तुम्ही मेलवर जगता म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. ‘नॉट’ आणि ‘बिकॉज’ एकाच वाक्यात आले की थांबा. ‘वी डिड नॉट रिजेक्ट द लॉट बिकॉज इट वॉज लेट.’ लॉट नाकारला की नाही? एक अर्थ, नाकारला नाही, आणि त्याचं कारण उशीर. दुसरा अर्थ, नाकारला, पण उशिरामुळे नव्हे. मराठीतही ‘उशिरा आला म्हणून नाकारला नाही’ हे कागदावर असंच दुतोंडी आहे. बोलताना आपण आवाजावर निभावतो. ‘उशिरा आला म्हणून *नाही* नाकारला’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग कशासाठी? मेलला आवाज नसतो. तिथे दोन वाक्यं करा.

भांडारातला माणूस, चाकण

बाई, हे वाचून आज सकाळीच पाठवलेला एक मेल उघडला. पुरवठादाराला लिहिलंय: ‘वी हॅव नॉट स्टॉप्ड युवर पेमेंट बिकॉज द लॉट वॉज रिजेक्टेड.’

पेमेंट थांबलेलं आहे. कारण वेगळं आहे, त्यांच्या बिलावर जीएसटी नंबर चुकलाय.

त्यांनी ‘थँक यू सर’ आणि हात जोडलेलं चित्र पाठवलंय. फोनच लावतो आता.